तळमजला कोणता

वरच्या गल्लीतून पाहिलं तर प्लॉट नाहीच,
नुसते बाभळीचे शेंडे
आणि त्यावर कुणीतरी वाळत टाकलेली गोधडी.
खालच्या गल्लीतून पाहिलं
तर प्लॉटशिवाय काही दिसत नाही.
चिमणपुऱ्याच्या वर, किल्ल्याच्या पोटरीला,
दोन गल्ल्यांत फरक एकोणीस फूट सहा इंच.

हे माप गफूर मिस्त्रींचं.
माझ्याकडं भाड्याचं यंत्र होतं, तिपाईवरचं.
त्यांनी पिशवीतून नळी काढली, तांब्याभर पाणी ओतलं,
एक टोक मुलीच्या हाती दिलं. तरन्नुम, डिप्लोमा दुसरं वर्ष.
म्हणाले, यंत्र सेट करावं लागतं मॅडम,
पाणी सेट होऊनच येतं.
फरक निघाला दोन सुतांचा.
मी नळीचं माप धरलं.

शिंगट्यांना जे हवं ते वहीच्या एका पानावर होतं:
खाली सहा गाळे,
वर थोरल्या सुनेचा दातांचा दवाखाना,
त्यावर दोघा भावांची बिऱ्हाडं, चुली वेगळ्या, जिना एक,
आणि टाकीशेजारी स्वतःला एक खोली, रेडिओपुरती.

मी तीन सकाळी पोपट रसाळच्या इस्त्रीशेजारी उभी राहिले.
प्लॉटमधून तिरकी उतरते एक वाट,
कुणी न आखलेली.
साडेसहा ते नऊ, एकशे बारा माणसं.
किटल्या, दप्तरं, दोघांनी धरलेली एक बाजाची पेटी,
आणि गुडघ्याला हात लावून
उलट्या पावलांनी उतरणाऱ्या बारटक्केबाई,
तोंड डोंगराकडं, पाठ गावाकडं.

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर ही वाट नव्हती.
उताऱ्यावर उतारही नव्हता.

मग मी डोंगर फार कापला नाही.
गाळे पाच ठेवले.
सहाव्याच्या जागी जिना, गल्ली ते गल्ली,
दार नाही, कुलूप नाही,
सहा इंची एकोणचाळीस पायऱ्या,
दर तेरांनंतर दम खायला कट्टा.
पहिला कट्टा दवाखान्यासमोर,
दाढ धरून बसायला.

शिंगटे बराच वेळ कागदाकडं पाहत राहिले.
गाळ्याला महिना नऊ हजार येतात.
पायऱ्या भाडं देतात का?

चार दिवस फोन नाही.
पाचव्या दिवशी आला, नमस्कार न म्हणता:
जिन्याखालच्या तिरक्या जागेत पोपट मावतो का?
मी पोपटला भिंतीशी उभं केलं, टेप लावली.
पाच फूट चार.
मावत होता, टेबलासकट.
फक्त मागं सरकताना डोकं सांभाळायचं.

पालिकेच्या अर्जात तळमजल्याला चौकट एकच.
मी लिहिलं, दोन.
खालून पाहता गाळे,
वरून पाहता बिऱ्हाडं,
जे खालून मोजले तर दुसऱ्या मजल्यावर आहेत
आणि तरी त्यांच्या दारात सायकल उभी राहते.
जांभळे क्लार्कनी चष्मा कपाळावर नेला.
मॅडम, इमारत कितीही असू द्या,
जमीन एकच असते.
तुम्ही राहता कुठं, मी विचारलं.
शाहूनगर.
सपाट आहे?
ते हसले, पण शिक्का मारला नाही.
अर्ज अजून तिथंच आहे, कुठल्यातरी गठ्ठ्यात,
कितव्या थरात ते माहीत नाही.

तरी काल नुसतं बघण्यापुरती फक्की मारली.
तरन्नुमनं दोरी धरली, मिस्त्री ओणवे होऊन मागं सरकत गेले.
नऊपर्यंत जिना पुसला गेला होता,
शाळेपर्यंत, डेअरीपर्यंत
पांढऱ्या चपलांचे ठसे.
पुन्हा मारू, मिस्त्री म्हणाले,
चुना स्वस्त आहे.

बारटक्केबाई तेवढ्या थांबल्या,
रेघेवर पाय न देता.
किती पायऱ्या? सांगितलं.
कठडा कुठल्या बाजूला?
उतरताना डाव्या हाताला, मी म्हटलं.
मी उलटी उतरते, त्या म्हणाल्या.
तुमचा डावा तो माझा उजवा,
आणि हा माझा उजवा हात
धरायचं काम करत नाही गं.

मी गाडीच्या टपावर नकाशा पसरला.
वाऱ्याला चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.
कठडा
एकाच बाजूला होता.